न खेळलेला अंतिम सामना : आशियाई विजेता क्लब स्पर्धेचा उदय आणि अस्त (१९६७–१९७२)

प्रस्तावना

१९७१ च्या वसंतात थायलंडची राजधानी बँकॉक येथे आशियातील सर्वश्रेष्ठ फुटबॉल क्लब ठरविण्यासाठी स्पर्धा भरली होती. अंतिम फेरीत इस्रायलचा मॅकाबी तेल अवीव आणि इराकचा आलियात अल-शुर्ता हे दोन संघ पोहोचले. हा सामना झालाच नाही. इराकी संघाने इस्रायली संघाविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि मॅकाबी तेल अवीवला न खेळताच विजेता घोषित करण्यात आले. पुढील वर्षीची स्पर्धा रद्द झाली आणि त्यानंतर जवळजवळ दीड दशक आशिया खंडात क्लब पातळीवरील विजेतेपदाची स्पर्धा अस्तित्वात नव्हती.

क्रीडा इतिहासाच्या पुस्तकांतून या स्पर्धेचा उल्लेख बहुधा एखाद्या तक्त्यापुरता येतो. वर्ष, विजेता, उपविजेता आणि गोलसंख्या एवढी माहिती त्यात असते. १९७१ च्या रकान्यात गोलसंख्येच्या जागी ‘पुढे चाल’ अशा अर्थाची नोंद असते. ही नोंद तांत्रिक वाटत असली तरी वसाहतवादोत्तर आशियातील एका महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडलेले आहे. स्वतःला राजकारणापासून अलिप्त म्हणविणाऱ्या क्रीडासंस्थेने राजकीय नकाराला केवळ नियमपुस्तिकेतील एक प्रसंग मानले, तर त्या संस्थेचे आणि तिच्या स्पर्धेचे काय होते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या स्पर्धेची जडणघडण, तिच्यातील चार अंतिम फेऱ्या, समकालीन जागतिक संस्थांनी अशाच पेचप्रसंगांत घेतलेले निर्णय आणि भारताचा सहभाग यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना ८ मे १९५४ रोजी मनिला येथे, दुसऱ्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी झाली. १९५६ मध्ये हाँगकाँग येथे राष्ट्रीय संघांची पहिली आशिया चषक स्पर्धा झाली. १९५८ पासून १९७७ पर्यंत महासंघाचे अध्यक्षपद टुंकू अब्दुल रहमान यांच्याकडे होते. स्वतंत्र मलायाचे आणि पुढे मलेशियाचे पहिले पंतप्रधान असलेले टुंकू हे फुटबॉलचे निस्सीम चाहते होते. १९५७ मध्ये स्वातंत्र्याच्या निमित्ताने सुरू झालेली मर्डेका स्पर्धा ही त्यांच्या या आवडीची खूण मानली जाते. एका कार्यरत पंतप्रधानाने खंडाच्या क्रीडासंघटनेचे नेतृत्व करावे, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटत नव्हती. नव्या राष्ट्रांत क्रीडा आणि राज्यसंस्था यांचे नाते किती निकटचे होते, हे यावरून ध्यानात येते.

क्लब पातळीवरील खंडीय स्पर्धेची कल्पना युरोपातून आली. ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाच्या पुढाकाराने १९५५ मध्ये युरोपियन चषक सुरू झाला. १९६० मध्ये दक्षिण अमेरिकेने आणि १९६४ मध्ये आफ्रिकेने आपापल्या स्पर्धा उभ्या केल्या. आशियाचा क्रम त्यानंतर, डिसेंबर १९६७ मध्ये लागला. युरोपातील स्पर्धेचा गाभा म्हणजे प्रत्येक संघाने एक सामना स्वतःच्या आणि एक सामना प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळणे. आशियात ही पद्धत स्वीकारली गेली नाही. तेहरानपासून तोक्योपर्यंतची अंतरे, विमानप्रवासाचा खर्च आणि क्लबांची तुटपुंजी आर्थिक स्थिती पाहता सर्व संघांना एकाच शहरात बोलावून काही दिवसांत स्पर्धा उरकणे सोयीचे होते.

या सोयीचा एक परिणाम असा झाला की परस्परांशी राजनैतिक संबंध नसलेल्या देशांच्या संघांना एकमेकांच्या भूमीवर पाऊल ठेवण्याची गरज उरली नाही. बगदादच्या संघाला तेल अवीवला जावे लागणार नव्हते, की तेल अवीवच्या संघाला बगदादला. दोघेही बँकॉकमध्ये येऊ शकत होते. टाळता न येणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे सामन्यांची सोडत. पहिल्या स्पर्धेच्या अवघे सहा महिने आधी, जून १९६७ मध्ये, सहा दिवसांचे अरब-इस्रायल युद्ध झाले होते. त्यामुळे सोडतीतील चिठ्ठी हा केवळ दैवाचा भाग उरला नव्हता.

‘क्लब’ या संज्ञेचा आशियाई अर्थ

या स्पर्धेत ‘क्लब’ म्हणून उतरलेल्या संघांचे स्वरूप पाहिले असता एक महत्त्वाची बाब लक्षात येते. युरोपीय अर्थाने ज्याला क्लब म्हणता येईल, म्हणजे सभासदांनी चालविलेली किंवा खाजगी मालकीची व लीगमधून वर आलेली संस्था, तसे संघ येथे मोजके होते.

दक्षिण कोरियाचा यांगझी हा संघ त्या देशाच्या गुप्तहेर यंत्रणेने १९६७ मध्ये उभारला होता. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने इटलीला पराभूत करून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. त्याला दिलेले हे दक्षिणेचे उत्तर होते. १९७१ मध्ये दक्षिण कोरियाचे प्रतिनिधित्व सैन्याच्या संघाने केले. इराकचा आलियात अल-शुर्ता हा पोलीस दलाचा संघ होता. जपानचा तोयो कोग्यो हा हिरोशिमा येथील मोटार उत्पादक कंपनीचा संघ होता. मलेशियाचा सेलांगोर हा संघ तर एका राज्याचे प्रतिनिधित्व करीत असे, कारण मलेशियातील प्रमुख स्पर्धा राज्यसंघांमध्येच खेळली जाई. इराणच्या ताज क्लबच्या नावाचा अर्थ ‘मुकुट’ असा होता आणि शहाच्या राजवटीशी असलेली जवळीक त्यातून प्रकट होत होती. इस्रायलमधील हापोएल ही हिस्ताद्रुत या कामगार महासंघाशी संलग्न क्रीडासंघटना होती, तर मॅकाबी हे नाव झायोनिस्ट क्रीडा चळवळीचे होते. लेबनॉनचा होमेनेतमेन हा क्लब १९१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे स्थापन झालेल्या आर्मेनियन क्रीडासंघटनेच्या बैरुतमधील शाखेतून घडला होता.

गुप्तहेर खाते, सैन्य, पोलीस, कारखाना, राज्य, राजसत्ता, कामगार महासंघ, विस्थापित समाज अशा विविध संस्था ‘क्लब’ या एकाच नावाखाली मैदानात उतरत होत्या. खेळाडूंच्या अंगावर क्लबचा गणवेश असला तरी त्यामागे उभी असलेली संस्था बहुधा राज्यसंस्था किंवा तिच्याशी बांधलेली यंत्रणा होती. अशा संघाला खेळावे की खेळू नये, याचा निर्णय क्लब म्हणून घेण्याचे स्वातंत्र्य क्वचितच असे. पुढील घटनाक्रम समजून घेण्यासाठी ही बाब ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

चार स्पर्धा, चार अंतिम फेऱ्या

पहिली स्पर्धा डिसेंबर १९६७ मध्ये बँकॉक येथे झाली. अंतिम सामन्यात हापोएल तेल अवीवने सेलांगोरवर २–१ असा विजय मिळविला. दुसरी स्पर्धा १९६८ मध्ये न होता जानेवारी १९६९ मध्ये, पुन्हा बँकॉक येथेच झाली. यावेळी मॅकाबी तेल अवीवने यांगझीला १–० असे हरविले आणि तोयो कोग्योने तिसरे स्थान मिळविले. या स्पर्धेत इराणच्या पर्सेपोलिसप्रमाणेच भारताकडून म्हैसूरचा संघही सहभागी झाला होता.

यानंतरच्या पंधरा महिन्यांत वातावरण झपाट्याने बदलले. ऑगस्ट १९६९ मध्ये जेरुसलेम येथील अल-अक्सा मशिदीत जाळपोळ झाली. तिचे पडसाद म्हणून सप्टेंबरमध्ये मोरोक्कोतील रबात येथे मुस्लिम राष्ट्रांची शिखर परिषद भरली. या परिषदेतून इस्लामी राष्ट्रांची जी संघटना आकाराला आली, तिचे पहिले महासचिव होण्याचा मान टुंकू अब्दुल रहमान यांनाच मिळाला. १९७० मध्ये पंतप्रधानपद सोडल्यानंतर ते त्या कामात गुंतले. एकाच व्यक्तीकडे इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेचे सचिवपद आणि इस्रायल ज्याचा सदस्य होता त्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद असावे, हा योगायोग त्या काळातील आशियाई क्रीडाकारणाची गुंतागुंत पुरेशी स्पष्ट करतो.

तिसरी स्पर्धा एप्रिल १९७० मध्ये तेहरान येथे भरली. उपांत्य फेरीत हापोएल तेल अवीवची गाठ होमेनेतमेनशी पडली. लेबनॉनमध्ये १९५५ पासून इस्रायलवर बहिष्कार घालणारा कायदा लागू होता. आर्मेनियन समाजाच्या या क्लबला आपली लेबनीज निष्ठा सिद्ध करण्याचा दबाव किती जाणवला असेल, याची कल्पना करता येते. कायदा आणि सामाजिक स्थान या दोन्हींचा विचार करता त्याच्यापुढे फारसा पर्याय नव्हता. संघाने खेळण्यास नकार दिला, हापोएलला पुढे चाल मिळाली आणि तो अंतिम फेरीत गेला. नकार देणाऱ्या होमेनेतमेनला मात्र स्पर्धेतून काढण्यात आले नाही. त्याचे नाव अंतिम क्रमवारीत तिसऱ्या स्थानावर आहे.

१० एप्रिल १९७० रोजी तेहरानच्या अमजदिये मैदानावर ताजने जादा वेळेत हापोएलला २–१ असे पराभूत केले. ताजचे प्रशिक्षक युगोस्लाव्हियाचे झ्द्रावको राइकोव्ह हे होते. इराणच्या जनमानसात हा विजय दोन वर्षांपूर्वीच्या घटनेशी जोडला गेला. १९ मे १९६८ रोजी याच मैदानावर इराणच्या राष्ट्रीय संघाने इस्रायलला २–१ असे हरवून आशिया चषक जिंकला होता. शहाच्या सरकारचे इस्रायलशी सलोख्याचे संबंध होते, पण प्रेक्षागारातील भावना सरकारी धोरणाप्रमाणे चालत नव्हत्या. म्हणजेच ज्या देशाने इस्रायली संघाशी खेळणे मान्य केले, तेथेही सामना केवळ सामना राहिला नव्हता.

चौथी स्पर्धा मार्च-एप्रिल १९७१ मध्ये पुन्हा बँकॉक येथे झाली. उपांत्य फेरीत मॅकाबी तेल अवीवने गतविजेत्या ताजला, तर आलियात अल-शुर्ताने दक्षिण कोरियाच्या सैन्यसंघाला नमविले. इराकमध्ये जुलै १९६८ पासून बाथ पक्षाची सत्ता होती. पोलीस दलाचा संघ इस्रायलविरुद्ध मैदानात उतरणे ही त्या राजवटीत अशक्यप्राय गोष्ट होती. अंतिम सामन्याऐवजी पॅलेस्टाइनचा ध्वज मिरविण्यात आला. बगदादमध्ये परतल्यावर खेळाडूंचे विजेत्यासारखे स्वागत झाले. मॅकाबीकडे चषक होता, तर बगदादकडे आपणच खरे विजेते असल्याची भावना होती. विजेता कोण, हे ठरविण्यासाठीच भरविलेल्या स्पर्धेने शेवटी दोन राजधान्यांना दोन निरनिराळे विजेते दिले.

चारही स्पर्धांच्या अंतिम फेरीत इस्रायली क्लब होता, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. इस्रायली संघ सुरुवातीच्या फेरीत बाद झाला असता तर हा पेच कदाचित अनेक वर्षे झाकून राहिला असता. क्रीडागुणांच्या कसोटीवर इस्रायली संघ शेवटपर्यंत टिकत असल्यामुळे संघर्ष स्पर्धेच्या कडेला न राहता तिच्या मध्यभागी आला. १९७२ च्या नियोजित स्पर्धेत इस्रायलचा मॅकाबी नेतान्या हा संघ होता. दोन अरब क्लबांनी त्याच्याविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि महासंघाने स्पर्धाच रद्द केली.

पुढे चाल : नियम की धोरण?

मराठी क्रीडाक्षेत्रात प्रतिस्पर्धी हजर नसल्यास मिळणाऱ्या विजयाला ‘पुढे चाल’ असे म्हणतात. गाडी चुकली, खेळाडू आजारी पडले, संघ पूर्ण झाला नाही, अशा अपघाती प्रसंगांसाठी हा नियम असतो. एखादा संघ मैदानाच्या कडेला सर्व खेळाडूंनिशी उभा राहून विशिष्ट प्रतिस्पर्ध्याशी खेळण्यास नकार देतो, तेव्हा प्रसंग अपघाती राहत नाही. आशियाई महासंघाने मात्र दोन्ही प्रकारांना एकच नियम लावला.

समकालीन संस्थांपुढेही असे पेच उभे राहिले होते आणि त्यांनी निरनिराळे मार्ग चोखाळले. १९५८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त आणि सुदान यांच्यापैकी कोणीही इस्रायलशी खेळले नाही. इस्रायल एकही सामना न खेळता स्वीडनला जाण्याच्या बेतात होता. न खेळता पात्रता नाही, अशी भूमिका घेऊन जागतिक महासंघाने वेल्सच्या संघाशी त्याची गाठ घातली आणि वेल्सने दोन्ही सामने २–० असे जिंकले. १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्याबद्दल आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुढील वर्षी इंडोनेशियाला निलंबित केले. १९७० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इस्रायलशी खेळण्यास तयार नसलेला उत्तर कोरिया स्पर्धेबाहेर गेला. १९७३ मध्ये चिलीतील लष्करी उठावानंतर सांतियागोच्या राष्ट्रीय मैदानावर खेळण्यास सोव्हिएत संघाने नकार दिला, तेव्हा त्यालाही विश्वचषकास मुकावे लागले.

या निर्णयांपैकी प्रत्येक निर्णय न्याय्य होता असे नाही. सांतियागोच्या ज्या मैदानाचा वापर राजकीय कैद्यांना डांबण्यासाठी झाला होता, तेथे खेळण्यास दिलेला नकार नैतिकदृष्ट्या समर्थनीय होता असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्याचप्रमाणे पॅलेस्टिनी जनतेच्या विस्थापनाकडे जगाचे लक्ष वेधण्याचे एक साधन म्हणून अरब संघ या नकाराकडे पाहत होते, हेही नाकारता येत नाही. मात्र वरील सर्व उदाहरणांत संस्थेने काहीतरी निर्णय घेतला होता. नकाराची किंमत ठरलेली होती आणि ती कोणी मोजावयाची, हेही स्पष्ट होते. आशियाई महासंघाने नकार देणाऱ्याला स्पर्धेत ठेवले, ज्याला नकार मिळाला त्यालाही स्पर्धेत ठेवले आणि दोघांमधील सामना कागदावरच संपविला.

या धोरणाचा परिणाम टप्प्याटप्प्याने दिसून आला. १९७० मध्ये पुढे चाल मिळालेला संघ अंतिम सामना हरला, त्यामुळे विजेतेपदाला बाधा आली नाही आणि विसंगती झाकली गेली. १९७१ मध्ये ती थेट विजेतेपदापर्यंत पोहोचली. १९७२ मध्ये न खेळलेले सामने गृहीत धरूनच स्पर्धा भरविणे अर्थशून्य ठरले. म्हणजेच स्पर्धा एका घटनेने बंद पडली असे दिसत असले तरी ज्या नियमाच्या आधारे ती चालू ठेवण्याचा प्रयत्न झाला, त्या नियमानेच ती पोखरली गेली.

युरोपशी तुलना

केवळ राजकारणामुळे ही स्पर्धा संपली, असा निष्कर्ष काढणे मात्र अपुरे ठरेल. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखाली चेकोस्लोव्हाकियावर आक्रमण झाले. त्यानंतर पश्चिम युरोपातील काही क्लबांनी पूर्व गटातील संघांशी खेळण्याबाबत नाराजी दर्शविली. युरोपीय महासंघाने सोडत नव्याने काढून पूर्व आणि पश्चिम संघांना पहिल्या फेरीत वेगळे ठेवले. याच्या निषेधार्थ सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया आणि पूर्व जर्मनी येथील क्लबांनी माघार घेतली. तरीही १९६९ मध्ये अंतिम सामना झाला, मिलानने आयाक्सला ४–१ असे हरविले आणि पुढील हंगामात स्पर्धा पूर्ववत सुरू झाली.

आक्रमण, बहिष्कार आणि माघार या तिन्ही गोष्टी युरोपातही घडल्या, पण तेथे स्पर्धा तगली. याचे कारण तिच्या पायामध्ये शोधावे लागते. युरोपातील क्लबांना दर आठवड्याची लीग, तिकिटांचे उत्पन्न आणि निष्ठावान प्रेक्षकवर्ग लाभला होता. आपल्या गावी परदेशी संघ पाहण्याची सवय लागलेला प्रेक्षक स्पर्धा बंद पडू देणार नव्हता. आशियात स्पर्धा ज्या शहरात भरे, ते शहर वगळता अन्यत्र तिला प्रेक्षक नव्हते. तारखा निश्चित नव्हत्या. डिसेंबर १९६७, जानेवारी १९६९, एप्रिल १९७० आणि मार्च १९७१ असा तिचा क्रम पाहिला तर कोणत्याही देशाच्या हंगामाशी तिचा मेळ बसत नव्हता, हे उघड होते. अनेक देशांत राष्ट्रीय पातळीवरील क्लब लीगच नव्हती. त्यामुळे स्पर्धा रद्द झाल्याने ज्यांचे नुकसान व्हावे आणि ज्यांनी तिच्यासाठी आवाज उठवावा, असा हितसंबंधी वर्गच तयार झाला नव्हता. राजकीय आघात हे निमित्त ठरले आणि पायाचा अभाव हे मूळ कारण ठरले.

भारताचा सहभाग

पायाच्या या अभावाचे भारत हे ठळक उदाहरण आहे. १९६९ मध्ये म्हैसूर, १९७० मध्ये बंगाल आणि १९७१ मध्ये पंजाब या संघांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. हे तिन्ही संघ संतोष करंडक या आंतरराज्य स्पर्धेचे विजेते होते. क्लबांच्या स्पर्धेत भारताने राज्यांचे संघ पाठविले, कारण कोणता क्लब देशात सर्वश्रेष्ठ आहे हे ठरविणारी अधिकृत स्पर्धाच त्या वेळी नव्हती.

भारतात क्लब नव्हते असे मात्र नाही. १८८८ पासूनचा ड्युरँड चषक, १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक आणि १८९३ पासूनची आय.एफ.ए. शील्ड या जुन्या स्पर्धा होत्या. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला, ही कूपरेजच्या इतिहासातील सोनेरी नोंद आहे. परंतु या स्पर्धा आपापल्या शहरांच्या आणि संयोजकांच्या होत्या. त्यांतील कोणत्याही विजेत्याला देशाचा अधिकृत विजेता मानले जात नसे. क्लबांसाठी फेडरेशन चषक १९७७ मध्ये आणि राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. तोवर आशियाई स्पर्धेचे पहिले पर्व संपून गेले होते.

राजकीयदृष्ट्या भारताची भूमिका मध्यममार्गी होती. भारताने १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. दरम्यानच्या काळात मुंबईत इस्रायलचे वाणिज्य दूतावास तेवढे होते. असे असूनही १९६४ मध्ये भारतीय संघ आशिया चषकासाठी इस्रायलला गेला, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग यांना हरवून व इस्रायलकडून ०–२ असा पराभव पत्करून उपविजेता ठरला. १९६२ मध्ये जकार्ता येथे इस्रायल आणि तैवान यांना वगळण्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, तेव्हा तेथील जनक्षोभ भारतीय पथकाला सोसावा लागला. त्या वातावरणातच भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले. परराष्ट्रधोरणात अंतर राखूनही मैदानावर खेळण्यास नकार न देण्याची ही पद्धत होती. १९७० च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धांत भारताला कांस्यपदक मिळाले. त्यानंतरच्या काळात भारतीय फुटबॉलची आशियातील पीछेहाट वाढत गेली. या पीछेहाटीची कारणे अनेक असली तरी कोरिया, जपान आणि इराण येथील क्लबांशी नियमित गाठ पडण्याची एक वाट याच सुमारास बंद झाली, हेही लक्षात घ्यावे लागते.

अस्तानंतर

ज्या प्रश्नाला महासंघाने क्लब स्पर्धेत बगल दिली, तो १९७४ मध्ये टाळता आला नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये तेहरानच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कुवेत आणि उत्तर कोरिया यांनी इस्रायलशी फुटबॉल खेळण्यास नकार दिला. त्याच वर्षी कुवेतच्या ठरावावर महासंघात मतदान झाले. १७ विरुद्ध १३ मतांनी, सहा सदस्य तटस्थ राहिले असताना, इस्रायलला आशियाई स्पर्धांतून वगळण्याचा निर्णय झाला. विजयी मतांची संख्या विरोधी आणि तटस्थ मतांच्या बेरजेपेक्षा कमी होती, यावरून आशियाचे मत किती दुभंगलेले होते हे कळते. त्यानंतर इस्रायलचा संघ युरोप आणि ओशनिया यांच्या पात्रता गटांतून फिरत राहिला आणि १९९४ मध्ये युरोपीय महासंघाचा पूर्ण सदस्य झाला.

आशियाई क्लब स्पर्धा १९८५-८६ च्या हंगामात पुन्हा सुरू झाली आणि दक्षिण कोरियाचा देवू रॉयल्स हा क्लब विजेता ठरला. १९७९ च्या क्रांतीनंतर ताजचे नाव बदलून ‘इस्तेगलाल’, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, असे झाले. मुकुट गेला, तरी १९७० चे विजेतेपद क्लबने आपल्या खात्यातून वगळले नाही.

नकाराचा प्रश्न मात्र इतिहासजमा झाला नाही. २०१६ मध्ये सौदी अरेबिया आणि इराण यांचे राजनैतिक संबंध तुटल्यावर दोन्ही देशांच्या क्लबांचे सामने त्रयस्थ भूमीवर घेण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्फहान येथे मैदानावरील एका इराणी सेनानीच्या अर्धपुतळ्यांवरून सौदी क्लब अल-इत्तिहाद मैदानात उतरला नाही. महासंघाने चौकशीअंती यजमान सेपाहानला दोषी धरून सामना ३–० असा अल-इत्तिहादला बहाल केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानने सुरक्षिततेच्या कारणावरून इराणमधील तब्रीझ येथे जाण्याचे टाळले, तेव्हा क्लबने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले. १९७० मध्ये बंगालचा संघ ज्या इराणमध्ये खेळून आला, तेथे चोपन्न वर्षांनी बंगालचाच एक क्लब जाऊ शकला नाही. या दोन्ही अलीकडच्या प्रसंगांत निर्णय कोणाला मान्य झाला आणि कोणाला झाला नाही, हा वेगळा प्रश्न आहे. निर्णय घेतला गेला आणि स्पर्धा पुढे चालू राहिली, हा १९७१ पेक्षा मोठा फरक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १९६७ ते १९७१ मधील आशियाई विजेता क्लब स्पर्धा नावाने क्लबांची असली तरी तिच्यातील अनेक संघ राज्यसंस्थेचे किंवा राज्याशी बांधलेल्या यंत्रणांचे होते. त्यामुळे राष्ट्रांमधील वैर मैदानाबाहेर ठेवण्याची क्षमता तिच्या रचनेतच नव्हती. दुसरी, राजकीय नकाराला ‘पुढे चाल’ या तांत्रिक नियमाखाली नोंदवून महासंघाने निर्णय पुढे ढकलला. दंड, विलगीकरण किंवा बहिष्कृती यांपैकी कोणताही मार्ग निर्दोष नव्हता, परंतु निर्णय न घेण्याची किंमत सर्वांत जास्त ठरली. तिसरी, ही किंमत मॅकाबी किंवा आलियात अल-शुर्ता यांच्यापुरती राहिली नाही. ज्यांचा या संघर्षाशी थेट संबंध नव्हता अशा कोरिया, जपान, मलेशिया आणि भारत येथील खेळाडूंच्या एका पिढीलाही ती मोजावी लागली.

क्रीडासंस्थेची तटस्थता म्हणजे राजकारणाकडे डोळेझाक करणे नव्हे. कोणत्या नकाराला कोणता परिणाम लागू होईल, हे सर्वांना आधीच ठाऊक असणे, हा तटस्थतेचा अधिक व्यवहार्य अर्थ होय. तो अर्थ त्या काळातील आशियाई महासंघाला सापडला नाही. म्हणूनच या स्पर्धेतील सर्वांत बोलका सामना न खेळला गेलेलाच ठरला.